‘लाईट’ आली, उजेड पडावा

भुसावळहून वरणगावकडे जाणाऱ्या महामार्गावर फेकरीच्या परिसरात उंच धुराडी दिसू लागली की दीपनगर आले, हे खानदेशातील शाळकरी मुलालाही ठाऊक असते. औष्णिक विद्युत केंद्र आणि त्याच्या कर्मचाऱ्यांची वसाहत यांना लाभलेले हे नाव मोठे समर्पक आहे. ‘दीप’ हा शब्द संस्कृत, तरीही घरोघरी कळणारा; आणि वस्तीचे कामही दिवे उजळण्याचेच. परंतु याच धुराड्यांच्या सावलीत एखाद्या घरातला पंखा अचानक थांबला, तर गृहिणीच्या तोंडून ‘दिवे गेले’ असे निघत नाही, ‘वीज गेली’ असेही क्वचितच निघते. निघते ते ‘लाईट गेली!’ थोड्या वेळाने गल्लीतली मुले एका सुरात ओरडतात, ‘लाईट आली!’ महिनाअखेर येते ते ‘लाईटबिल’, दारासमोर उभा असतो तो ‘लाईटीचा खांब’, आणि रावेर-यावलचा केळी बागायतदार चौकशी करतो ती ‘या आठवड्यात दिवसाची लाईट आहे की रात्रीची’ याची. ज्या गावाच्या नावातच दिवा आहे, त्या गावाच्या जिभेवरून तो उतरला आणि त्याच्या जागी एक इंग्रजी शब्द येऊन बसला. हा शब्द आला कसा, त्याने काय दिले आणि काय नेले, याचा शांतपणे विचार झाला पाहिजे.

प्रथम एक गोष्ट मान्य करावी लागेल. मराठी माणूस ज्या अर्थाने ‘लाईट’ म्हणतो, त्या अर्थाने हा शब्द इंग्रज वापरत नाही. लंडनमधल्या घरात वीजपुरवठा खंडित झाला तर तेथील माणूस ‘पॉवर’ गेली असे म्हणेल किंवा ‘इलेक्ट्रिसिटी’चे नाव घेईल. ‘लाईट’ म्हणजे त्याच्या लेखी उजेड, फार तर दिवा. पंखा, पाण्याची मोटार, पिठाची गिरणी आणि दूरदर्शन संच या साऱ्यांना चालविणाऱ्या शक्तीला ‘लाईट’ म्हणावे, हे त्याला उमगणारही नाही. हा अर्थ आपण दिला. हिंदी आणि गुजराती भाषकांच्या बोलण्यातही ‘लाईट’ अशीच येते-जाते. दक्षिणेत तमिळ-तेलुगू भाषक त्याच प्रसंगी ‘करंट’ गेला असे म्हणतात. याचे कारण इतिहासात आहे. वीज भारतातल्या सामान्य घरात शिरली ती दिव्याच्या रूपाने. खोपोलीला १९१५ साली जलविद्युत निर्मिती सुरू झाली ती मुंबईच्या गिरण्यांसाठी. पण घरात तारा आल्या तेव्हा त्यांच्या टोकाला लोंबकळत होता तो काचेचा गोळा. १९६० साली महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले आणि पुढच्या दोन-तीन दशकांत खेड्यापाड्यांत खांब पोहोचले. कंदिलाची काच राखेने पुसणाऱ्या पिढीने पहिल्यांदा पाहिला तो उजेड, आणि त्या उजेडाचे जे नाव कानी पडले तेच त्या अदृश्य शक्तीचे नाव झाले.

मराठीने या पाहुण्याला आपल्या व्याकरणाचे नियमही लावले. ‘लाईट गेली’ असे आपण स्त्रीलिंगी म्हणतो, कारण मनात ‘वीज’ असते. ‘खोलीतला लाईट लावला’ असे पुल्लिंगी म्हणतो, कारण तेथे मनात ‘दिवा’ असतो. एकाच परक्या शब्दाची दोन लिंगे, आणि दोन्ही त्याने ज्यांची जागा घेतली त्या मराठी शब्दांकडून उसनी घेतलेली! शब्द परका झाला, तरी त्यामागचे मन मराठीच राहिले, याचा यापेक्षा चांगला पुरावा कोणता? गणपतीत मंडपाला ‘लाईटी’ लावल्या जातात, तेव्हा तर अनेकवचनही खास आपले असते.

या शब्दाच्या कुळाकडे पाहिले तर आणखी एक गंमत आढळते. इंग्रजीत ‘लाईट’ हे एका उच्चाराचे, पण दोन वेगळ्या कुळांचे शब्द आहेत. एक प्रकाशाचा. भाषाशास्त्रज्ञ त्याचे नाते संस्कृतातील ‘रुच्’ म्हणजे प्रकाशणे या धातूशी, तसेच ‘लोचन’ आणि ‘आलोक’ या शब्दांशी जोडतात. दुसरा ‘लाईट’ म्हणजे हलका. त्याचा संस्कृत भाऊ ‘लघु’. भुसावळकरांना हे दोन्ही लाईट ठाऊक आहेत. घरात येते-जाते ती एक, आणि रेल्वेच्या यार्डात डब्यांवाचून एकटेच धावणारे ‘लाईट इंजिन’ ते दुसरे. ‘मराठा लाईट इन्फंट्री’ या पराक्रमी रेजिमेंटच्या नावातही हाच दुसरा अर्थ आहे. १७६८ साली उभारलेल्या पलटणीपासून परंपरा सांगणारी आणि छत्रपती शिवरायांच्या जयघोषाने शत्रूवर तुटून पडणारी ही सेना म्हणजे हलके, चपळ पायदळ. कमी ओझे, वेगवान हालचाल आणि अचूक घाव हे तर शिवकालीन मराठी युद्धतंत्राचेच मर्म! तेव्हा ‘लाईट’ हा शब्द कानाला परका असला, तरी त्याच्या दोन्ही अर्थांचे दूरचे गोत्र संस्कृतात सापडते. यावरून ‘सारे काही आपलेच होते’ असा फुका अभिमान बाळगण्याचे कारण नाही. मात्र शब्दांकडे शत्रू-मित्र भावाने पाहण्यापूर्वी त्यांची चौकशी करावी, एवढा बोध जरूर घ्यावा.

भाषेच्या स्वत्वाची चिंता महाराष्ट्राला नवी नाही. शिवछत्रपतींनी राज्यकारभारातील फार्सी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश रघुनाथपंत हणमंते यांच्याकरवी सिद्ध करविला. स्वराज्याला स्वतःचे शब्द हवेत, ही दृष्टी त्यामागे होती. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी १९२४ ते १९३७ या रत्नागिरीतील स्थानबद्धतेच्या काळात भाषाशुद्धीची चळवळ चालविली. ‘दिनांक’, ‘क्रमांक’, ‘महापौर’, ‘दूरध्वनी’ यांसारख्या शब्दांचे श्रेय मराठी समाज कृतज्ञतेने त्यांना देतो. फार्शी-मराठी कोश रचणारे माधवराव पटवर्धन यांच्यासारखे फार्सीचे पंडित पुढे याच मताचे झाले आणि त्यांनी १९३८ साली ‘भाषाशुद्धि-विवेक’ लिहिला. ज्याला परकी भाषा उत्तम येते, तोच स्वभाषेची उणीव आणि श्रीमंती दोन्ही ओळखतो, हे त्यातून दिसले.

सावरकरांची भूमिका पुष्कळदा विपर्यस्त करून सांगितली जाते. प्रत्येक परका शब्द हुसकावून लावा, असे त्यांचे म्हणणे नव्हते. जी वस्तू वा कल्पना आपल्याकडे नव्हतीच आणि जिला सोपा स्वकीय प्रतिशब्द सापडत नाही, तिच्याबरोबर आलेला शब्द घेण्यास त्यांची हरकत नव्हती. आक्षेप होता तो जिवंत स्वकीय शब्द मारून त्याच्या जागी परका बसविण्याला. या कसोटीवर ‘लाईट’ घासून पाहिली तर निकाल सरळ लागत नाही. विजेचा दिवा नवा होता, हे खरे. पण ‘दिवा’ होता आणि ‘वीज’ही होती. आकाशात चमकणाऱ्या विद्युतेला आपण वीज म्हणत होतोच. तारेतून वाहणारी शक्तीही तीच, हे ओळखून मराठीने तो शब्द सहज पुढे आणला होता. ‘इलेक्ट्रिसिटी’ या शब्दाचे मूळ तर ग्रीक भाषेतल्या राळेसारख्या एका पिवळ्या खड्याच्या नावात आहे. तो घासला की कस्पटे ओढतो म्हणून. त्यापेक्षा आपली ‘वीज’ किती तेजस्वी आणि अचूक! पुण्या-मुंबईच्या जुन्या घरांतून ‘दिवे गेले’, ‘दिवे आले’ असे सर्रास म्हटले जात असे. म्हणजे शब्द नव्हता म्हणून ‘लाईट’ आली असे नाही; आपण शब्द वापरला नाही म्हणून ती राहिली.

तरीसुद्धा तिच्याविरुद्ध मोहीम काढावी काय? दिवसभर शेतात राबून रात्री मोटार सुरू करायला निघालेल्या शेतकऱ्याला ‘लाईट नव्हे, वीज म्हणा’ असे अडवणारा कार्यकर्ता भाषेची सेवा करीत नाही. तो तिला हास्यास्पद करतो. साठच्या दशकात शासनाचा ‘पदनाम कोश’ निघाला तेव्हा आचार्य अत्रे यांनी त्याची ‘बदनाम कोश’ म्हणून खिल्ली उडविली. त्या कोशातले कितीतरी शब्द आज सर्वांच्या वापरात आहेत, हे खरे. पण टीकेत एक सत्य होते. शब्द सक्तीने वा उपदेशाने रुजत नाहीत. ते कामाबरोबर रुजतात.

याची उदाहरणे वीजक्षेत्रातच आहेत. ६ जून २००५ रोजी विद्युत मंडळाचे विभाजन झाले आणि ‘महानिर्मिती’, ‘महापारेषण’, ‘महावितरण’ ही नावे पुढे आली. निर्माण करणे, दूरवर वाहून नेणे आणि वाटणे ही तीन वेगळी कामे या तीन नावांत इतकी स्वच्छ उमटली आहेत की शाळेतल्या मुलालाही नुसत्या नावावरून कंपनीचे काम सांगता यावे. ‘महावितरणचा माणूस आला आहे’ हे वाक्य आज खेड्यातही सहज बोलले जाते. विजेच्या टंचाईच्या वर्षांत ‘भारनियमन’ हा शब्द असाच घरोघरी पोहोचला. दुःखाबरोबर आला, पण रुजला. ‘पथदिवे’ बंद असल्याची तक्रार नगरपालिकेकडे जाते, ‘वीजचोरी’ पकडली जाते, आणि चोरीच्या त्या पद्धतीला लोकांनी स्वतःच ‘आकडा टाकणे’ असे नाव दिले. कोणत्याही समितीवाचून घडलेला हा शब्दप्रयोग मराठीच्या जिवंतपणाची साक्ष देतो, जरी तो कृत्याचे समर्थन करीत नसला तरी! उलट ‘रोहित्र’ हा ट्रान्सफॉर्मरसाठीचा सुंदर शब्द वृत्तपत्रांत आणि कार्यालयीन पत्रांत राहिला. शिवारात मात्र ‘डीपी जळाली’ असेच म्हणतात. कारण ते रोहित्र दुरुस्त करायला येणारा तंत्रज्ञही त्याला रोहित्र म्हणत नाही. काम करणाऱ्याच्या तोंडी जो शब्द नाही, तो काम करवून घेणाऱ्याच्या तोंडी येत नाही.

येथेच प्रश्नाचा गाभा आहे. ‘लाईट’ या शब्दाने आपले जे नुकसान केले ते शब्दकोशातले नाही, समजुतीतले आहे. हा शब्द आपल्याला विजेचे फक्त शेवटचे टोक दाखवितो: बटण दाबले, उजेड पडला. त्यामागची निर्मिती त्यात दिसत नाही. दीपनगरचा पहिला संच साठच्या दशकाच्या अखेरीस उभा राहिला, पुढे आणखी संच आले, जुने झाले ते निवृत्त झाले, ५०० मेगावॉटचे दोन मोठे संच उभे राहिले आणि ६६० मेगावॉटच्या संचाचे कामही हाती घेतले गेले. ५०० मेगावॉटचा एक संच पूर्ण क्षमतेने तासभर चालला की पाच लाख युनिट वीज तयार होते. प्रत्येक युनिटमागे अर्ध्या किलोहून अधिक कोळसा जळतो. तो शेकडो किलोमीटरवरून रेल्वेच्या वाघिणींतून येतो. तापीवरच्या हतनूर धरणाचे पाणी वाफ आणि गारव्यासाठी लागते. उरलेली राख पाण्याबरोबर वेल्हाळ्याकडच्या राखेच्या तलावात जाते, आणि उन्हाळ्यात वारा सुटला की ती आसपासच्या शेतांवर आणि घरांवर उडते. भट्टीजवळच्या उष्णतेत पाळीवर उभा असणारा कामगार, ज्यांच्या जमिनी प्रकल्पासाठी गेल्या ती कुटुंबे, आणि ज्यांच्या पिकावर राख बसते ते शेतकरी, हे सारे त्या एका बटणाच्या पलीकडे आहेत. ‘लाईट’ म्हणताना यांपैकी काहीही डोळ्यांसमोर येत नाही. दिव्याखाली अंधार ही म्हण दीपनगरच्या परिसराइतकी क्वचितच कोठे शब्दशः लागू पडत असेल.

‘लाईट येते’ आणि ‘लाईट जाते’ हे प्रयोगही विचार करण्याजोगे आहेत. पाऊस येतो, पाहुणा येतो, तशी ती येते. तिच्या येण्या-जाण्यावर जणू कोणाचा अधिकार नाही, जबाबदारीही नाही. याउलट ‘वीजपुरवठा’ म्हटले की पुरविणारा कोणीतरी आहे हे आपोआप सांगितले जाते, आणि मग का नाही पुरविला, असा प्रश्न विचारता येतो. केळीला रात्री पाणी भरताना अंधारात साप-विंचवाला सामोरा जाणारा शेतकरी दिवसा वीज मिळावी म्हणून वर्षानुवर्षे मागणी करीत आला. २०१७ साली सुरू झालेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचे मूळ याच मागणीत आहे. मागणी नेमक्या शब्दांत मांडली की तिला उत्तर द्यावे लागते. नुसत्या ‘लाईट नाही’ या कुरकुरीला कोणी उत्तर देत नाही.

मातृभाषेची गरज कोठे अटळ होते, हे कायद्यानेही फार पूर्वी ओळखले आहे. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांतील ३५ वा नियम सांगत असे की, उच्च दाबाच्या यंत्रणेवरील धोक्याची सूचना हिंदी वा इंग्रजीबरोबर त्या जिल्ह्याच्या स्थानिक भाषेतही असली पाहिजे आणि सोबत कवटी व हाडांचे चिन्ह असले पाहिजे. २०१० च्या नियमावलीतही हे तत्त्व कायम राहिले. माणसाचा जीव वाचवायचा असेल तर त्याच्याशी त्याच्या भाषेत बोलावे लागते, हा त्याचा सरळ अर्थ. मग हेच तत्त्व खांबावरच्या पाटीपाशी का थांबावे? यंत्राची माहितीपुस्तिका, सुरक्षेचे प्रशिक्षण, औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील पाठ, हे सारे विजेशी जिवावरचा खेळ करणाऱ्या तरुणाला त्याच्या भाषेत का मिळू नये? ‘अर्थिंग’ या शब्दाचा उच्चार त्याला येतो. पण जमिनीशी केलेली ती जोडणी प्राण कशी वाचवते, हे मराठीत कोणी नीट समजावून सांगितले नाही, तर तो शब्द त्याच्या उपयोगाचा नाही. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२१ पासून भारतीय भाषांतून अभियांत्रिकी शिकविण्यास मान्यता दिली. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. पहिली संधी आहे, दुसरा सन्मान आहे. संधी वापरली नाही तर सन्मान दिवाणखान्यातल्या मानचिन्हासारखा धूळ खात राहील.

सरकारी नावांच्या बाबतीतही थोडे परखड बोलणे आवश्यक आहे. पंडित दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावाची ग्रामज्योती योजना, घराघरात जोडणी पोहोचविणारी सौभाग्य योजना, ही नावे ऐकताच मनाला भिडतात. एलईडी दिव्यांच्या योजनेचे नाव ‘उजाला’. पण ते ‘उन्नत ज्योती बाय अफोर्डेबल एलईडीज फॉर ऑल’ या वाक्याची आद्याक्षरे जुळवून केलेले आहे. अर्थ स्वदेशी, सांगाडा इंग्रजी! काम चांगले झाले म्हणून नाव खपून गेले. तथापि राज्यकारभार मनाने इंग्रजीतच विचार करतो आणि वरून भारतीय अंगरखा चढवितो, ही सवय शिवछत्रपतींच्या राज्यव्यवहारकोशाशी नाते सांगणाऱ्यांना शोभणारी नाही.

आता घराकडे वळावे. मराठी घरात दिव्याला नुसता उजेड मानलेले नव्हते. ‘दिवा विझला’ असे म्हणणे अशुभ वाटे, म्हणून ‘दिवा मालवला’, ‘शांत झाला’ असे म्हणत. तिन्हीसांजेला दिवेलागण होई, लहानथोर देवापुढे हात जोडीत, आषाढात दिव्यांच्या अमावास्येला घरातले सारे दिवे घासूनपुसून पुजले जात. भाषेतले हे मार्दव एका संस्काराचे रूप होते: जे प्रकाश देते त्याच्याविषयी कृतज्ञता, आणि म्हणून त्याची काटकसर. तेल मोजून घातले जाई, वात सारखी केली जाई. बटणाने हे श्रम वाचविले ते चांगलेच झाले; कंदिलाच्या धुरात डोळे फोडण्याची कोणी आठवण काढीत बसू नये. पण श्रमाबरोबर कृतज्ञताही गेली, ही हानी टाळता आली असती. रिकाम्या खोलीत फिरणारा पंखा आणि भर दुपारी जळणारा पथदिवा हे त्याचेच द्योतक आहेत.

म्हणून सुरुवात कोठून करायची, याचे उत्तर अवघड नाही. ज्या कागदाला आपण लाईटबिल म्हणतो, तो महिन्यातून एकदा मुलांना जवळ बसवून मराठीतून वाचावा. त्यावर ‘स्थिर आकार’, ‘वीज आकार’, ‘वहन आकार’, ‘वीज शुल्क’ असे शब्द आहेत. कोणी ते वाचत नाही, म्हणून ते परके वाटतात. शंभर वॉटचा जुना गोळा दहा तासांत एक युनिट खातो, दहा वॉटचा नवा दिवा तेच युनिट शंभर तास पुरवितो, हे गणित मुलाला एकदा कळले की बटण बंद करण्यासाठी त्याला रागवावे लागत नाही. खानदेशातील शिक्षकांनी दीपनगरसारखी केंद्रे, उपकेंद्रे, सौर प्रकल्प मुलांना दाखवावेत आणि तेथील अभियंत्यांनी त्यांना मराठीत, जमल्यास अहिराणीत वा लेवा गणबोलीत समजावून सांगावे. असोद्याच्या निरक्षर बहिणाबाईंनी शेत, जाते आणि घरोटा यांतून जीवनाचे तत्त्व बोलीत सांगितले. त्या भूमीतल्या शिकल्यासवरल्या अभियंत्याला वाफ, चक्र आणि वीज यांची गोष्ट बोलीत सांगता येऊ नये, असे मानण्याचे कारण नाही.

हे घडले तर ‘लाईट’ या शब्दाची भीती उरणार नाही. तो शब्द मराठीने आपलासा केलाच आहे; हवा तेव्हा तो तोंडी येवो. मात्र त्याच्या शेजारी ‘दिवा’ आपल्या जागी तेवत असावा, ‘वीज’ आपल्या अर्थाने वापरात असावी आणि ती कोण, कशातून, कोणाच्या श्रमाने निर्माण करतो हे सांगणारी शब्दसंपत्ती सामान्य माणसाजवळ असावी. विजेचे बिल भरणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला या महिन्यापासूनच तिची ओळख करून घेता येईल.